स्पॅनिशच्या वर्गातलं सीतादही

मी घर सोडून निघाले त्या दिवशी महागावच्या स्टँडवर नागपूरची एसटी लागली तेव्हा आई बाबांना म्हणाली, "तुमी नका रडू, तुमाले पाहून पोरगी रडन." रडत आईच होती. बाबा कंडक्टरला बस किती वाजता पोचते ते तिसऱ्यांदा विचारत होते. बस हलली तशी आई खिडकीचा गज धरून दोन पावलं सोबत चालली. "तिकडं बी माणसंच राहतेत वं पोरी. बोलत जाय त्याहिच्यासंग. पुस्तकात तोंड खुपसून नोको बसू."

आता मी स्पेनमध्ये, वालेन्सियात राहते. पिकांच्या रोगांवरच्या एका प्रयोगशाळेत काम करते. लॅबमध्ये इंग्रजीवर भागतं. पावाच्या दुकानात आणि जिन्यात भागत नाही. तरी पहिली दोन वर्षं मी बोटाने दाखवून पाव घेतला आणि घरी येऊन पुस्तक उघडलं. यंदा चैत्रात आई गेली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. परत आल्यावर मी पालिकेच्या संध्याकाळच्या शाळेत स्पॅनिशसाठी नाव घातलं. आईचं एक तरी ऐकायचं राहिलं होतं.

तुमच्यापैकी जे कपाशीच्या मुलखात वाढले, त्यांना सीतादही सांगायला नको. इतरांसाठी सांगते. कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी घरचे लोक शेतात जातात, झाडाखाली दगड मांडून हळदकुंकू वाहतात, दहीभात शिंपडतात आणि मग पहिलं बोंड वेचतात. आमच्या घरी याला एक जास्तीची रीत होती. दहीभात शिंपडताना प्रत्येकाने मोठ्याने काहीतरी मागायचं, पण स्वतःसाठी नाही. लहानपणी मी एकदा सायकल मागितली तर आई म्हणाली होती, "देवापुढं आपली यादी कायले वाचतं? किराण्याचं दुकान हाय का?" मी आईसाठी मागायची, बाबा माझ्यासाठी, आणि आई बाबांसाठी. दरवर्षी, न चुकता.

म्हणून भादव्यात बाबा फोनवर म्हणाले, "यंदा सीतादही नाही करत. वेचणी तशीच लावतो," तेव्हा मला कारण विचारावं लागलं नाही. तरी विचारलं. म्हणाले, "माह्यासाठी कोन मागनार आता?"

मी गुडघ्याचं विचारून फोन ठेवला. आई आजारी असताना मी इथून रोज मागत होते. त्याचं काय झालं ते समोर होतं. त्यानंतर कोणासाठी काही मागायला तोंडच उघडेना.

त्याच आठवड्यात आमच्या बाई, पिलार, यांनी घरचा अभ्यास दिला: तुम्हाला हव्या असलेल्या पाच गोष्टी लिहा. वर्गातल्या बाकीच्यांनी लिहिलं की मला गाडी शिकायची आहे, मला मोठं घर घ्यायचं आहे. तोंडाने निघत नव्हतं ते माझ्या वहीत उतरलं: बाबांनी वेळेवर जेवावं. बाबांचा गुडघा दुखू नये. खालच्या मजल्यावरच्या आजींचं मांजर सापडावं. पिलारबाईंनी पाचही वाक्यांतल्या क्रियापदांवर लाल खुणा केल्या आणि हसत सुटल्या. "अगं, तू स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस! आणि यासाठी लागणारं रूप मी नाताळात शिकवणार होते." मग खडू उचलून म्हणाल्या, "आजच शिकू."

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. जे आहे ते सांगायला स्पॅनिशमध्ये एक रूप असतं. जे अजून नाही, पण व्हावं असं कोणाला तरी वाटतं, त्याला वेगळं. बाबा जेवतात, हे 'कोमे'. बाबांनी जेवावं असं मला वाटतं, तिथे 'कोमा'. मला स्वतःला जेवायचं असेल तर या रूपाची गरजच नाही, साधं क्रियापद चालतं. हवं असणारी मी आणि जेवणारा दुसरा कोणी, तेव्हाच ते येतं. मी बाकावर ताठ बसले. आमच्या शेतातली रीत इथे फळ्यावर लिहिलेली होती! आपल्याकडेही येवो, मिळो, होवो आहेतच, पण घरातली रोजची भांडी कोण निरखून बघतं? मग बाईंनी एक शब्द दिला, 'ओखाला'. असं होवो, या अर्थाचा. म्हणाल्या, हा अरबीतून आला, त्यात अल्ला आहे. मला एकदम आमच्या महागावच्या घरासमोरचे मेकॅनिक रहीमचाचा आठवले, जे पंक्चर काढून देतानाही इन्शाअल्ला म्हणतात.

त्या दिवशी मी बस सोडून चार स्टॉप चालत घरी गेले. वाटेत दिसेल त्याच्यासाठी मागत होते. पावाच्या दुकानातल्या बाईचा पाव खपो. आजींचं मांजर येवो. चुकत होते, मोठ्याने बोलत होते, लोक वळून बघत होते. मिळणार की नाही हे त्या रूपाला माहीतच नसतं. तरी ते मागतं. आईसाठी मागितलेलं फुकट गेलं म्हणून बाबांसाठी मागायचं सोडावं, हे मला आता पटेना.

सकाळी बाबांना फोन केला. "सीतादही करा. मी मागते तुमच्यासाठी."

"तिथून?"

"इथून."

दसऱ्यानंतर रहीमचाचांनी बाबांना आपल्या गाडीवर बसवून शेतात नेलं आणि फोन धरला. माझ्याकडे नुकतं उजाडलं होतं. आधी नुसती कपाशी दिसली. "बोल बेटा," चाचा म्हणाले, "तुझा बाप कॅमेऱ्याले लाजून झाडामागं लपून राह्यला."

"लपत नाही, भात शिंपून राह्यलो," मागून बाबा.

मी आईच्या आवाजात बोलायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. माझ्याच आवाजात म्हटलं, "माह्या बाबाच्या गुडघ्याले आराम पडो. त्याले दोन्ही टायमाचं जेवन गोड लागो."

बाबांनी डोक्यावरचा दुपट्टा काढून तोंड पुसलं. मग दगडांकडे बघत म्हणाले, "अन् या पोरीले तिकडं बोलाले माणसं भेटो."

"इन्शाअल्ला," चाचा म्हणाले.

"ओखाला," मी म्हणाले.

बाबांनी पहिलं बोंड वेचून कॅमेऱ्याच्या इतकं जवळ धरलं की पडदाभर पांढरं झालं. कोणी विचारलं, घर कुठं, तर मी अजून महागाव सांगते. पण आता मनात वेगळं असतं. माझ्यासाठी कोणीतरी मोठ्याने मागतं आणि त्याच्यासाठी मी, तेवढी जागा माझं घर. त्या दिवशी लॅबला जाताना मी पावाच्या दुकानात थांबले, बोट खिशात ठेवलं आणि तोंडाने पाव मागितला.