चिलटाचं काळीज

हैदराबादच्या प्रयोगशाळेत मी चिलटं पाळते, हे माझ्या मायला कधी पटलंच नाही. जन्मभर भाजीच्या पाटीवरची चिलटं हाकलणारी बाई ती. "अन् याचा तुले पगार देतात?" म्हणून चारचौघींत माझी थट्टा करायची.

चिलटालाही काळीज असतं. पाठीशी एक बारीक नळी. सूक्ष्मदर्शकाखाली ती धडधडताना दिसते. काही चिलटांच्या जनुकात जन्मापासूनच चूक असते. त्यांची नळी चालता चालता अडखळते, थांबते, मग घाईघाईनं सुरू होते. ते पाहिलं की मला धाकटी बहीण आठवते.

ती लहानपणापासून दचकली की पडायची. आमच्या घरी असं कुणी पडलं की कानाशी ताट वाजवायचे. निघालेला जीव आवाज ऐकून माघारी फिरतो म्हणे. माय ताट बडवायची, बहीण डोळे उघडायची. मग डॉक्टरचं नाव कोण काढतो?

नवं राज्य झालं, पाठोपाठ आमचा आदिलाबाद जिल्हाही फोडला. नेरडीगोंड्याकडचं आमचं गाव जुन्या जिल्ह्यात राहिलं, निर्मलचा बाजार नव्यात गेला. जिल्हा फुटला त्या दिवशी माय आणि बहीण निर्मललाच भाजी विकत बसल्या होत्या. नव्या जिल्ह्याच्या आनंदात कुणीतरी शेजारी फटाक्यांची माळ लावली. बहीण दचकली आणि वांग्यांवर कोसळली. ताट कुठून आणणार? मायनं तराजूचं पारडं घेतलं आणि तिच्या कानाशी लोखंडी वजनानं बडवत राहिली. बहीण तिथंच गेली.

पुढे कामातच मला कळलं, असं अडखळतं काळीज काही माणसांचंही असतं, आणि एकाएकी झालेला मोठा आवाजच त्यांतल्या काहींच्या जिवावर बेततो. हे मायला कोणत्या तोंडानं सांगायचं?

गेल्या खेपेला ती हैदराबादला आली तेव्हा तिला प्रयोगशाळा दाखवायला नेलं. भिंगातून ती अडखळणारी नळी पाहताना तिचं हसू थांबलं.

"आपल्या पोरीचं असंच होतं का वं?"

"असन, माय."

"मंग याच्याजवळ ताट वाजवलं त उठते का थे?"

मी खोटं बोलले. "उठते कवा कवा."

तिनं भिंगावरचा डोळा काढला नाही.

"मंग म्याच जोरानं वाजवलं नसन," ती म्हणाली.