सुनेच्या हातातली किटली

उपेल आपाच्या तोंडी लागायची हिंमत गावात कुणाची नव्हती. तालुक्याच्या दवाखान्यात तिने तीस वर्षं चादरी धुतल्या होत्या. डाग पाहून ऑपरेशन कुठलं ते ओळखते, असं ती सांगायची. निम्मी बढाई असेल, पण ऐकायला मजा यायची.

त्याच दवाखान्यावर तिने खटला भरला होता. सून मीरगुलच्या बाळंतपणात सर्जन पोटात कापडाचा बोळा विसरला. तो सडला, गर्भाशय काढावं लागलं. दवाखान्याने कागदावर लिहिलं, ‘रुग्णाने काळजी घेतली नाही.’ तेव्हापासून शेजारणी मीरगुलला निष्काळजी म्हणू लागल्या. उपेल स्वतः सुनेला दिवसभर बोलायची, पण तो मान तिचा एकटीचा होता.

सुनावणी गुरुवारी होती. मंगळवारी तो सर्जन, तालाय, गावातले दोन म्हातारे आणि एक मेंढी घेऊन दारात उभा राहिला. वडीलधाऱ्यांसमोर माफी मागायची, मेंढी कापायची, की विषय संपला. आमच्या किर्गिझ लोकांत असंच चालतं. दारात आलेल्याला पाव चाखवल्याशिवाय परतही पाठवता येत नाही. उपेलने जेवणाची चादर अंथरली. मीरगुल दाराजवळ बसून सगळ्यांना चहा ओतू लागली.

“उपेल आपा, चूक झाली. मोठ्या मनाने माफ करा,” तालाय म्हणाला.

“दिलदार माणूस आहे गं,” एक म्हातारा म्हणाला. “खटला मागे घे आता.”

तालायने मीरगुलपुढे पेला केला, तिच्याकडे न बघताच. ते पाहून उपेलच्या डोक्यात तिडीक गेली. ती उठली, सुनेच्या हातातली किटली काढून घेतली.

“ऊठ गं. तिकडे वर बस.”

“आई, अहो तिथे पाहुणे...”

“बस म्हटलं ना!”

मीरगुल म्हाताऱ्यांच्या वरच्या, मानाच्या जागी अंग चोरून बसली. उपेलने तिला स्वतः चहा ओतला.

“पोट माझं नाही फाडलंस, डॉक्टर. जिचं फाडलंस तिला सांग.”

तालायचे कान लाल झाले. तो म्हणाला, “मुली, कापड मीच विसरलो. तुझा काहीच दोष नव्हता.”

“हेच गुरुवारी कोर्टात बोल,” उपेल म्हणाली.

“आपा, माझी नोकरी जाईल.”

उपेल मेंढी परत न्यायला सांगणार, एवढ्यात मीरगुलने पेला खाली ठेवला.

“डॉक्टर, माझी मुलगी दोन वर्षांची आहे,” ती म्हणाली. “उद्या तिने विचारलं, आई, मला भाऊ का नाही, तर मी तुमचा कागद वाचून दाखवू का?”

गुरुवारी तालाय कोर्टात आला आणि सगळं बोलला. आवाज इतका खोल गेला होता की न्यायाधीशांनी त्याला पुन्हा सांगायला लावलं. मीरगुल दोन्ही वेळा ताठ मानेने ऐकत होती. तिच्या शेजारी उपेल मात्र सगळ्या गावादेखत हुंदके देऊन रडली.