भरावशेठचं उचललेलं घर

भरावशेठ कुठेही गेला की आधी टाच आपटायचा. लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेत, देवळाच्या सभामंडपात, एकदा तर मयताच्या घरातसुद्धा. चप्पल बाजूला काढायची, टाच दोनदा जमिनीवर हाणायची, मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा, "खाली पुरुषभर चिखल हाय. वर चेन्याचा मुरूम. माल आपलाच." घरातली माणसं डोळे पुसायची थांबून पायाखाली बघायला लागायची. मीरा रोडमध्ये जिथे आपला माल नाही अशी जागा दाखवणाऱ्याला मी माझी मिशी काढून देईन, असं तो म्हणायचा. मी त्याच्याकडे नोकरीला होतो, त्यामुळे मीही तेच म्हणायचो. मला मिशी नव्हती.

नोकरी म्हणजे हाटकेशला पत्र्याची शेड, तिच्यात एक टेबल, एक फोन आणि मी. मी रत्नागिरीकडचा, म्हणून शेठने माझं नावच रत्नागिरी ठेवलं. त्याचा धंदा भरावाचा. खाडीकाठची खोलगट जमीन, जिला इकडे खाजण म्हणतात, तिच्यात डोंगराकडचा मुरूम आणि पाडलेल्या चाळींचं डेब्रिज ओतायचं आणि बिल्डिंग उभी राहील इतकी ती उंच करून द्यायची. माझं काम एकच. बिल्डरचा फोन आला की "गाडी निघाली" म्हणायचं. गाडी त्या वेळी गॅरेजात चाकं काढून उताणी पडलेली असे. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की माझ्या लग्नात भटजींनी "नवरीला आणा" म्हटल्यावर माझ्या तोंडून तेच निघालं.

शेठच्या गप्पा ऐकायला ड्रायव्हर लोक डिझेल जाळून यायचे. चेण्याच्या डोंगरातून मुरूम भरून आणताना एकदा मागच्या हौद्यात बिबट्या झोपून आला, हाटकेशला उतरला, इकडेतिकडे बघितलं आणि "इथं आपल्यापेक्षा मोठी जनावरं हायती" म्हणून पायी परत गेला, ही त्यातली साधी गोष्ट. दुसरी अशी, की खाजणाने एक अख्खा डंपर गिळला. ड्रायव्हर टपावर बसून बिडी ओढत होता, बिडी संपायच्या आत टप चिखलाला टेकला. त्यावर आता सात मजले आहेत, आणि तळमजल्यावरच्या बाईला अमावास्येला स्वयंपाकघराखालून हॉर्न ऐकू येतो. मी विचारलं, "शेठ, ड्रायव्हरचं काय झालं?" शेठ म्हणाला, "तोच सोसायटीचा सेक्रेटरी हाय ना."

या सगळ्या गप्पांत एक गोष्ट मात्र तो कधी फुगवून सांगायचा नाही. ती त्याच्या बापाची. बाप मिठागरात होता. मिठाचा धंदा म्हणजे भरतीचं पाणी बांधात कोंडायचं, ऊन आणि वारा त्यातलं पाणी उडवून नेतात, खाली राहतं ते मीठ. दिवाळी झाली की आगर जागं व्हायचं आणि पावसाच्या तोंडावर निजायचं. खाडी, ऊन आणि वारा हे बापाचे तीन भागीदार. तिघांनी कधी हिस्सा मागितला नाही. मग चौथा घुसला. चैत्रात, जेव्हा आभाळात ढगाचं नाव नसायचं, तेव्हा पाऊस यायला लागला. आधी एकदाच आला, मग दर दोन-तीन वर्षांनी, मग बोलावल्यासारखा. एका दुपारी वर्षाची रास उघड्यावर होती आणि तो आला. "बापूस धावत जेला नि राशीवर पालथा पडला," शेठ सांगायचा. "छत्रीसारखा. हातपाय पसरून. पाऊस थांबला तवा तो जमिनीला लागला होता." एवढं बोलून तो चहा मागवायचा. मग बशीत ओतता ओतता म्हणायचा, "तवाच ठरवला. पान्यात विरघलतो तो धंदा कराचा न्हाय."

मुरूम विरघळत नाही. लोकल गाड्या वाढल्या, मुंबईत न मावणारी माणसं इकडे सांडायला लागली, आणि ज्या जमिनीला भात एकदा आणि खेकडे बारमाही एवढीच अक्कल होती तिला रातोरात भाव आला. निसर्गाने इथे खड्डा ठेवला होता तो भरतीच्या पाण्याला हातपाय पसरायला. शेठने त्यात डोंगर आणून ठेवला. "तुमच्या कोकनातून मान्सं येतात, त्यांना काय पान्यावर झोपवू?" असं तो मला ऐकवायचा. बरोबरच होतं. मी स्वतः त्याच्याच भरावावरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि पावसाळ्यात खिडकीतून खालचं पाणी बघत भजी खातो.

आता गंमत बघा. एवढ्या गावाला उंच करणाऱ्या या माणसाचं स्वतःचं घर जुन्या गावठाणात, बापाने बांधलेलं. बापाने गावातली सगळ्यात उंच जागा हेरली होती. भरती कितीही माजली तरी ओट्याच्या खालची पायरी चाटून परत जायची. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या घरात शिरायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. मग आजूबाजूची खाजणं भरली गेली. मग रस्ता उंच झाला, कारण बिल्डिंगा उंच झाल्या होत्या. मग गटार उंच झालं, कारण रस्ता उंच झाला होता. दर दोन वर्षांनी डांबराचा एक थर यायचा आणि घराची एक पायरी जायची. शेवटी शेवटी त्या घरात शिरायला तीन पायऱ्या उतराव्या लागत. पाहुणे विहिरीत उतरल्यासारखे उतरायचे. आणि पाऊसही पूर्वीचा राहिला नव्हता. जो चार महिने पुरवून पुरवून पडायचा, तो आता एका दुपारी सगळा हिशेब मिटवून मोकळा होतो. त्यात भरती आली की पाणी खाडीत जायच्या ऐवजी खाडीतून येतं.

पाणी घरात शिरलं की काकी, म्हणजे शेठची बायको, पदर खोचून पलंगावर मांडी घालून बसायची आणि टोप शेठच्या दिशेने भिरकावायची. "पंप लावू या गो," शेठ म्हणायचा. "पंप कनाला? गावाचा पानी इथं आनायला पंप लागला व्हता का तुमाला?" मी तिथे असलो की मलाही सुटका नसायची. "ए रत्नागिरी, तू काय बघतंस? फोन उचल नि सांग, गाडी निघाली!" शेठ हसत हसत उपसायचा. अंगणाच्या पलीकडून दामू यायचा आणि त्याला हात द्यायचा.

दामू हा शेठचा धाकटा भाऊ. दोघांची घरं एका अंगणात, एकाच पातळीवर. काकी लग्न होऊन आली तेव्हा दामू नाक पुसायच्या वयाचा होता आणि सासू गेलेली. काकीनेच त्याला वाढवला. दामू खाजणात खेकडे आणि चिखलातले निवट्या मासे धरायचा. खाजण गेलं तेव्हा त्याच जागेवरच्या टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. शेठची गाडी आत शिरली की सॅल्यूट ठोकायचा आणि म्हणायचा, "दादा, तुझ्या मुरमाखाली माझ्या निवट्या हायत. खोदशील तवा माझ्या मना दे." शेठ त्याला शिवी द्यायचा. दोघे हसायचे. तरी त्यांच्यात एक ठरलेलं होतं. टॉवरवाले येऊन दोन्ही घरं मागायचे, आणि दोघे मिळून नाही म्हणायचे. बापाची जागा सोडायची नाही, एवढं एकच काम शेठने आयुष्यात नफ्याशिवाय केलं.

पण उपसून उपसून शेठची कंबर गेली. मग कुठून तरी त्याने ऐकलं की हरयाणाची माणसं जॅक लावून आख्खं घर वर उचलून देतात. आली ती. भिंतींच्या खाली दोन-तीनशे जॅक लावले आणि शिट्टीवर सगळ्यांनी मिळून पिळायला सुरुवात केली. त्यांचा म्होरक्या शेठला म्हणाला, "चाचाजी, आप अंदर बैठ के चाय पियो. कप हिल गया तो पैसा वापस." शेठ खरंच आत बसला. मी बाहेरून बघत होतो. माझ्या डोळ्यांदेखत माझा मालक, त्याच्या हातातला कप आणि भिंतीवरचा बापाचा फोटो असे तिघे आभाळाकडे निघाले. चहा हलला नाही. त्या घराच्या माळ्यावर मांजर व्यायली होती, पिल्लांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. आठ-दहा दिवसांत घर छातीइतकं वर गेलं. खालच्या पोकळीत विटांचं जोतं आणि आत मुरूम ठासून भरला. माल अर्थात आपलाच.

दामू अंगणात उभा राहून मान वर करून बघत होता. काकी त्याच्या शेजारी. ती एवढंच म्हणाली, "आमचा झाला. याचा?" शेठ वरून म्हणाला, "याचा पन करू. पुढल्या वर्साला."

पुढल्या वर्षापर्यंत पाऊस थोडाच थांबतो! श्रावणातल्या एका दुपारी तो आणि भरती एकदमच आले. शेठने मला फोन करून मुद्दाम बोलावून घेतलं. "ये, सिनेमा दाखवतो." मी घोट्याइतक्या पाण्यातून गेलो तर हा नव्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला, पायात मोजे. मोजे! आयुष्यात पहिल्यांदा. पाणी अंगणात आलं, नव्या जोत्याला धडकलं, जरा घुटमळलं आणि वळून दामूच्या दारात शिरलं. पूर्वी दोन घरांत वाटून जायचं ते सगळं आता एकाच घरात. दामू गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन उंबऱ्यात उभा राहिला. त्याच्या मांडीपर्यंत पाणी होतं.

"दादा," तो ओरडला, "सुका हायस ना?"

"तुझा पन उचलू रं! सांगितलं ना!"

"उचल. मग पानी मागच्या सुमनच्या घरात जाईल. तिचा पन उचल. मग आख्खा गाव उचल. नि तुझ्या त्या टॉवरवाल्यांना सांग, आता तुमची पाली."

काकीने तोवर साडी वर खोचली होती. ती नव्या कोऱ्या पायऱ्या उतरली आणि दामूच्या घरात जाऊन उपसायला लागली. संध्याकाळी पाणी ओसरेपर्यंत ती वर आली नाही. शेठ मोजे घालून तसाच बसून राहिला. सिनेमा संपला होता, पण उठायचं कसं ते त्याला कळत नव्हतं.

दसऱ्याच्या आधी दामूने घर टॉवरवाल्याला दिलं. शेठला विचारलं नाही, कागदावर सही झाल्यावर सांगायला आला. शेठ भडकला. "बापाची जागा रं!" दामू म्हणाला, "बापूस उंचावर बसला व्हता. तू मना खाली बसवलास." भांडण इतकंच. दामू खाडीपलीकडे नायगावला भाड्याने राहायला गेला. त्याच्या बायकोला घर लावून द्यायला म्हणून काकी चार दिवस बरोबर गेली, ती परत आलीच नाही. मी आणायला गेलो तर तिने मला जेवायला घातलं, पान दिलं, आणि म्हणाली, "त्यांना सांग, सुका घर हाय, झाडूबी मारायला लागत न्हाय. बसा."

आणि मग एक दिवस शेडमधला फोन वाजला. दामूची जागा ज्याने घेतली त्याला भराव हवा होता. मी फोनवर हात ठेवून शेठकडे बघितलं. त्याने विचारलं, किती उंच. मी सांगितलं. रस्त्याच्याही वर. आपल्या नव्या ओट्याच्याही वर.

"शेठ, नाही म्हणून सांगतो. गाड्या नाहीत म्हणतो."

"गाड्या हायत."

"शेठ, पाणी मग आपल्याच घरात येणार."

"मना कनाला शिकवतंस? पानी खय जातो ता मना ठावं न्हाय?" तो पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आपन न्हाय टाकला तं दुसरा कोन टाकील. दामूचा उंबरा हाय तो. दुसऱ्या कुनाच्या मुरमाखाली जायला नको."

मी फोनवर म्हटलं, "गाडी निघाली." त्या दिवशी ती खरोखर निघाली. शेठ स्वतः पहिल्या डंपरच्या पुढे चालत गेला. दामूचं घर पाडून झालं होतं, नुसतं जोतं उरलं होतं. ड्रायव्हरने हौदा वर केला, लाल मुरूम घसरत आला आणि उंबरा दिसेनासा झाला. शेठने रुमालाने तोंड पुसलं. धूळ उडतच होती म्हणा.

पुढच्या दिवाळीच्या आत शेठ गेला. डॉक्टरांनी काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. पण मला तो आठवतो त्याआधीच्या आषाढातला. मोठा पाऊस झाला होता, मी दुपारी त्याला बघायला गेलो. दामूच्या भरावावरून पाणी ओढ्यासारखं खाली येत होतं आणि सरळ शेठच्या दारातून आत जात होतं. हरयाणावाल्यांनी एवढं उचललेलं घर पुन्हा सगळ्यांच्या खाली गेलं होतं. शेठ खाटेवर पाय वर घेऊन बसला होता. चपला आणि रॉकेलचा डबा खोलीभर तरंगत होते. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, स्वयंपाकघरातून टोप आणला आणि वाकलो.

"ठेव तो," शेठ म्हणाला.

"शेठ, पाणी चढतंय."

"चढू दे." तो दाराकडे बघत होता. "इथनं काढून कुनाच्या घरात टाकशील?"

मी टोप ठेवला. शेठने पाय जवळ ओढून घेतले आणि खाटेवर माझ्यापुरती जागा केली.