पोटखराब्याची शामला

ढोकीहून तेरला जाणाऱ्या एसटीत चढलं की शामला कंडक्टरला सांगायची, "कमानी पूल, एक." कुणी कधी जास्त विचारलं नाही. पूल होताच तसा ओळखीचा. निजामाच्या राज्यात बांधलेला, काळ्या दगडांच्या कमानींचा, आणि इतका अरुंद की उसाचा ट्रॅक्टर आणि एसटी समोरासमोर आले की एकानं मुकाट्यानं मागं सरायचं. पण त्या थांब्याला वाडीतल्या माणसांचं दुसरंच एक नाव होतं, आणि ते शामलाच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. ते नाव म्हणजे पोटखराबा.

ज्या रानात नांगर चालत नाही, पीक येत नाही, असा तुकडा सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लिहितात. भावाभावांच्या वाटणीत शामलाच्या नवऱ्याला, मार्तंडला, पुलाच्या खालच्या अंगाचा जो तुकडा आला तो असाच. ओढा कमानींखालून बाहेर पडायचा आणि सरळ न जाता त्यांच्या रानात पसरायचा. उन्हाळ्याची अखेर सोडली तर कायम चिबड, पाय रुतेल असं ओलं. लव्हाळा, पुरुषभर उंच पाणकणीस, बेडकं. एक पाणकोंबडी दरसाल पिल्लं घेऊन तिथं नांदायची, तिला मार्तंड "आमची भाडेकरीण" म्हणायचा. तो कारखान्यावर ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचा आणि घर त्यावर नीट चालायचं. पण वाडीत शामला नावाच्या दोघी. एक झाली मळ्याची शामला, ही झाली पोटखराब्याची. वाटणीच्या साली चिकटलेलं नाव लेकींची लग्नं होऊन गेली तरी सुटेना. हळदीकुंकवाला कुणीतरी हमखास विचारायचं, "पोटखराब्याची आली का न्हाय अजून?" आणि शामला दारातच चप्पल काढता काढता ऐकायची.

तिचं माहेर अणदूरचं. लहानपणापासून तिला एक खोड. दिसलेल्या गोष्टीच्या मागं काय आहे ते बघितल्याशिवाय तिला करमायचं नाही. गावचा खंडोबा वर्षातले काही महिने नळदुर्गाला मुक्कामाला जायचा तेव्हा तिनं पुजाऱ्याला विचारलं होतं, "आता देव तिकडं गेला, तर इथल्या दिव्याचा उजेड कुणाला दिसतो?" पुजारी हसला आणि म्हणाला, "तुला दिसतोय की." एवढ्यानं तिचं समाधान झालं नव्हतं. शाळेत सातवीपर्यंत गुरुजींनी तिच्याबद्दल आईकडं एकच तक्रार केली, पोरगी उत्तरं देत नाही, प्रश्नच विचारते.

दिवाळी झाली आणि कमानी पूल पाडून तिथं उंच, रुंद नवा पूल बांधायचं काम निघालं. जेसीबी आले, पत्रे उभे राहिले, शेजारून मुरमाची वळणवाट झाली. साइटवरचा सुपरवायझर योगीराज बोलण्यात गोड. तो एक दिवस शामलाच्या दारात येऊन बसला.

"मावशी, तुमचं ते रान आहे ना, चिबड? जुन्या पुलाची सगळी दगडमाती त्यात टाकून देतो. वर मुरूम, त्यावर रोलर. तुम्हाला काय करायचं नाही. नुसतं हो म्हणा."

"आन् मंग तिथं काय व्हईल?"

"काय होईल म्हंजे? रस्त्याकडंची जागा होईल. घर बांधा, हॉटेल टाका."

शामलाच्या हातातलं सूप थांबलं. नव्या पुलाच्या तोंडाशी, डांबरी रस्त्याला लागून, कोरडी ठणठणीत जागा. पत्र्याची शेड, स्टोव्ह, पाण्याचा माठ, ऊसतोड्यांना सकाळचा चहा. आणि रान कोरडं झालं की नावही आपोआप जाणार. चहावाली शामला म्हणतील. तिनं त्याच बैठकीला हो म्हटलं, आणि संध्याकाळी महादेवाला नारळ फोडला.

महादेवाचं देऊळ तिच्या रानाच्या खाली, ओढ्याच्या पायऱ्यांवर. रोज सकाळी ती पायरीवर वाकून तांब्या भरायची आणि पिंडीवर ओतायची. सासूनं घालून दिलेला नेम. लग्नानंतर तिनं तो विनातक्रार चालवला, त्याच्यावर कधी प्रश्न विचारला नाही. तेवढी एकच गोष्ट तिनं तशीच घेतली होती.

पहिली ट्रॉली रिकामी झाली ती तिच्या रानाच्या वरच्या टोकाला, ओढा जिथून आत पसरायचा त्या तोंडावर. जाऊ कडूबाई कमरेवर हात ठेवून बघत उभी. कडूबाईची जीभ म्हणजे नवं ब्लेड.

"बघ गं बाई, तुझं नशीब ट्रॉलीत भरून आलंय. आता बेडकं कुठं सासरला जायची?"

"तुमच्याकडं पाठवते, आक्का. तुमच्या घरात बोलणाऱ्याची कमी न्हाय."

दुसऱ्या सकाळी शामलानं नेहमीसारखा तांब्या ओतला. पिंडीवर रुईची पांढरी फुलं ठेवलेली होती. पाणी ओघळून गेलं आणि फुलांवर मातकट राप बसला. शामला दचकली. "देवा, चुकलं," म्हणत तिनं पदरानं फुलं पुसली. मग हळूहळू तिच्या मनातली खोड जागी झाली. कालपर्यंत तर पाणी नितळ होतं. वर पाया खणायला कधीचे लागलेत, खड्ड्यातलं गाळाचं पाणी पंपानं ओढ्यातच सोडतात, पुलापाशी पाणी चहासारखं दिसतं. हे ती रोज येताजाता बघत होती. मग ते चहासारखं पाणी इथवर येईस्तोवर नितळ कसं व्हायचं? आणि आजच काय झालं?

तांब्यात काही दिसेना म्हणून ती घरी जाऊन लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या धुऊन घेऊन आली. पुलापाशी एक भरली, पायरीवर दुसरी. दोन्ही सारख्याच गढूळ. मग साडीचा काचा मारून ती रानात उतरली. वरच्या तोंडावर ट्रॉलीतल्या मातीचा ढीग आडवा पडला होता, आणि ओढा रानात न शिरता बाहेरून, जुन्या गाडीवाटेच्या खळग्यानं थेट देवळाकडं पळत होता. ढिगाच्या पलीकडं, पाणकणसात अडकून राहिलेलं पाणी तिनं एक बरणी रिकामी करून तीत घेतलं. उन्हात धरलं. आरपार. पलीकडची स्वतःची बोटं दिसली, बांगड्यांसकट.

"पाणकणीस माती खातंय की काय?" ती मोठ्यानं म्हणाली. आणि एक रोप मुळासकट उपटून, उलटं करून, मुळांत तोंड शोधल्यासारखं बघू लागली.

तेवढ्यात वळणवाटेवरून आवाज आला. "मावशी, काय हरवलं?"

हर्षाली, साइटवरची इंजिनियर. डोक्यावर पिवळी टोपी, पायात गमबूट, लातूरकडची पोर. शामलानं तिला दोन्ही बरण्या दाखवल्या आणि विचारलं, "म्याडम, ही माती जाती कुठं?"

हर्षालीनं बरण्या हातात घेतल्या. एकेक उन्हात धरून बघितली. "खात नाही, मावशी. घरी एक करून बघा. गढूळ पाण्याच्या दोन बरण्या ठेवा. एक ढवळत राहा, दुसरीला हात लावू नका. संध्याकाळी सांगा मला."

शामलानं दुपारभर भाकऱ्या थापता थापता एक बरणी ढवळली. मार्तंड जेवायला आला तेव्हा चुलीशेजारी एक बरणी चहाची आणि एक पाण्याची वाटावी अशी दिसत होती.

"हे काय चाललंय? लोणचं घातलंस का चिखलाचं?"

"बगा की. ढवळलं तर माती तशीच ऱ्हाती. थांबलं की खाली बसती." तिचे डोळे चमकत होते. "आपलं रान पाणी थांबवतंय, आवो. येवढी वर्षं थांबवतंय."

मार्तंडनं भाकरी मोडली. मग म्हणाला, "महादेवानं गळ्यात ठिवलं. आपलं रान पोटात ठिवतंय म्हणायचं."

शामला हसली, पण हसू टिकलं नाही. कारण पत्र्याची शेड तिला अजून दिसत होती.

संध्याकाळी ती हर्षालीकडं गेली. "निम्मं भरलं तर? रस्त्याकडचं निम्मं मला, निम्मं पाण्याला?"

हर्षालीनं ओढ्याकडं हात केला. "मावशी, खरं सांगू? पाणी पसरायला जागा लागते. निम्म्यात ते पसरणार नाही, पळेल. आणि खाली तुमच्या वाडीची नळाची विहीर आहे, ओढ्याच्या काठाला. तिथंच जाईल सगळं." मग आवाज खाली करून म्हणाली, "ओढ्यात माती जाऊ द्यायची नाही हे आमच्या कामाच्या अटीतच आहे. पण रान तुमचं, तुम्ही हो म्हणालात, मी गप्प बसले. आम्हालाही ते सोयीचंच होतं ना. लांब खाणीपर्यंत ट्रॉल्या न्यायला नकोत."

"मंग आता?"

"आता तुम्ही सांगाल तसं. मला सांगता येणार नाही, रान माझं नाही."

शामलाला तिचा राग आला. स्वतःचाही आला. देवळाच्या पायरीवर जाऊन ती बसली. महादेवाकडं तिनं काही मागितलं नाही. नुसती पिंडीकडं बघत बसली. सासू एकदा म्हणाली होती, या पाण्यानं देवाला कधी मळ लागला नाही. तेव्हा तिला तो देवाचा महिमा वाटला होता. आता वाटलं, महिमा खराच, पण तो रोज माझ्याच रानातून चालत येत होता आणि मी त्या रानाचं नाव घ्यायला लाजत होते.

सकाळी ट्रॉल्या रांगेनं उभ्या. कडूबाई हजर. योगीराज हसत पुढं आला.

"करायची सुरुवात, मावशी?"

"न्हाय. परवाची माती बी उचला."

"काय?" योगीराजचं हसू गेलं. "मावशी, टाकलेली माती कुणी परत उचलतं का?"

"आमी टाकलेलं शेण उचलतो की रोज. तुमी माती उचला."

ड्रायव्हर फिसकन हसला. कडूबाई मात्र चिडली. "अगं, डोकं फिरलं का तुझं? लोकं पाया पडून भराव मागत्यात. हिला फुकट मिळतोय तर ही बरण्यात पाणी भरून खेळतीय! जन्मभर पोटखराब्याचीच ऱ्हाशील बघ."

शामलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं पिशवीतल्या दोन बरण्यांतली एक काढली, ढिगापलीकडं जाऊन भरली आणि कडूबाईच्या हातात दिली. मग पुलापाशी जाऊन दुसरी भरून आणली, तीही दिली.

"आक्का, तुमच्या नळाला ह्यातलं कुठलं पायजे?"

कडूबाईनं दोन्ही बरण्या पाहिल्या. नितळ बरणी नाकाशी नेऊन वास घेतला. "आमच्या नळाचा हिच्याशी काय संबंध?" असं म्हणाली, पण आवाजातली धार जरा कमी झाली होती. विहीर कुठं आहे ते तिलाही ठाऊक होतं. बरण्या तिनं परत दिल्या नाहीत. घेऊनच गेली. दुपारी त्या तिच्या ओट्यावर मांडलेल्या होत्या आणि चार बाया वाकून बघत होत्या.

योगीराज कुरकुरला, पण हर्षालीनं जेसीबीवाल्याला हात केला. ढीग उचलला गेला तसं पाणी जरा चाचपडलं, आणि मग लव्हाळ्यात शिरलं. हर्षालीनं त्याच दिवशी पंपाचं पाणी ओढ्यात सोडणं बंद करून एका खोल खड्ड्यात सोडायला लावलं, काठाला वाळूची पोती रचली, मिक्सर धुवायचा तोही खड्ड्याशीच.

"का?" शामलानं विचारलं. "माजं रान हाय की."

"सगळाच गाळ त्याच्या पोटात ढकलला तर एक दिवस तेही भरून जाईल, मावशी. त्यानं आजवर ओढ्यानं आणलेला गाळ पचवला. हा आमचा आहे, आम्हीच अडवला पाहिजे."

शामला दुसऱ्या दिवशी तो खड्डा बघायला गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. खड्ड्यातलं पाणी किती वेळानं निवळतं, पोती ओली का होतात, सिमेंटच्या पाण्यानं हात का चरचरतो, असं काय काय विचारून तिनं साइटवरच्या माणसांना हैराण केलं. योगीराज तिला लांबून बघितलं की फोन कानाला लावायचा. जुन्या कमानीचा एक घडीव दगड मात्र तिनं त्याच्याकडून मागून घेतला आणि देवळाच्या पायरीशेजारी बसायला ठेवला.

पावसाच्या आधी वळणवाटेचा मुरूम काढून ओढा मोकळा झाला, आणि नव्या पुलावरून गाड्या धावू लागल्या. शेड झाली नाही. पाणकोंबडीनं पिल्लं काढली. कडूबाईनं बरण्या अजून परत केल्या नव्हत्या, त्यात आता तिचं लोणचं होतं.

शामला अणदूरची जत्रा करून परत येत होती. ढोकीला एसटी बदलली. कंडक्टर नवा, तरणा.

"कुठं?"

"कमानी..." म्हणून ती थांबली. कमानी आता नव्हत्या. मागच्या सीटवर वाडीची दोन माणसं बसलेली, त्यांचे कान टवकारलेले तिला पाठीमागूनही कळले.

"पोटखराबा," ती म्हणाली. "एक."

कंडक्टर हसला. "असं कुठं गाव असतंय व्हय, मावशी?"

"गाव न्हाय बाबा, रान हाय. माजं." तिनं सुट्टे पैसे पुढं केले. "नव्या पुलाच्या अंगाला. उतरलास तर पाणी बी दाखवते."