आप्पा टिकले पाहिजेत

किस्से जमवावे लागत नाहीत. लातुरात एखादा हॉल सकाळी भाड्यानं घ्या, स्पीकर लावा आणि पन्नाशी-साठीच्या लोकांना उड्या मारायला सांगा. आठवड्याभरात एवढे साचतात की झाडून बाहेर काढावे लागतात.

आमचा हॉल म्हणजे एक मंगल कार्यालय. दुपारनंतर लग्नं, सकाळी आमची बॅच. चाळीस सेकंद जीव काढायचा, वीस सेकंद श्वास घ्यायचा, पुन्हा जीव काढायचा. एवढाच कोर्स! शिकवतो मी. चाकूरहून लातूरला आलो होतो मेडिकलच्या क्लासला. दुसऱ्यांदा रिपीट करताना सोडून दिलं. वडील गावात अजून सांगतात, "पोरगं हेल्थ लाइनला हाय." खोटं तरी कसं म्हणू?

*

आप्पा रिटायर्ड ग्रामसेवक. एका सकाळी सुनेला, रेखाला, घेऊन आले. रेखाला पोलीस भरती द्यायची होती. मागच्या वेळी ग्राउंडलाच बाद झाली होती, पळण्यात. वयात बसत होती ती ही शेवटची भरती. आणि घरच्यांची अट एकच: आप्पा सोबत जात असतील तर ती जाईल.

"ती करील. मी आपला खुर्ची टाकून बसतो," आप्पा म्हणाले.

"खुर्ची लग्नात मिळते, आप्पा. इथं बघे नकोत. करणार असाल तर या."

"मी? ह्या वयात?"

रेखा खाली फरशीकडे बघत होती. आप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "टोपी काढावी लागंल का?"

त्या दिवसापासून अख्ख्या बॅचला एकच काम लागलं. आप्पा टिकले पाहिजेत. ते घरी बसले की रेखा घरी बसली!

*

पहिल्याच दिवशी आप्पा जेवून आले. "उपाशीपोटी मेहनत करत नसत्यात," म्हणे. पिठलं, भाकरी, वरून ताक. वॉर्मअप संपायच्या आत ताक परत वर आलं. मी बादली घेऊन धावलो.

तोंड पुसत आप्पा म्हणाले, "ताक आंबट होतं."

ह्या पिढीचं हे असं. ह्यांचं कधीच चुकत नाही. चुकतं ते ताकाचं!

*

बर्पी नावाचा एक प्रकार आहे. उभं राहायचं, खाली पालथं पडायचं, उठायचं, उडी मारायची. मी समोर स्टेजवर, जिथं नवरा-नवरी बसतात तिथं. आप्पा पालथे पडायला तयारच होईनात.

"काय झालं, आप्पा?"

आप्पा बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "ह्याच्यासमोर लोटांगण घालू? कालच्या पोरासमोर? डिग्री तरी हाय का त्याला?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्हाला आहे ना? मग पडून उठून दाखवा."

आप्पांनी सरळ माझ्याकडे पाठ फिरवली. दारावर गणपतीचा फोटो होता. त्याला हात जोडले आणि पडले पालथे. झालं! दुसऱ्या दिवशी सगळे म्हातारे दाराकडे तोंड करून उभे, आणि त्यांचं बघून तरुणही. मी पाठींना शिकवू लागलो.

तेवढ्यात कुणीतरी दार उघडलं. कुण्या मुलीचा बाप लग्नासाठी हॉल बघायला आला होता. त्यानं आत पाऊल टाकलं आणि अख्खी बॅच धाडकन त्याच्या पायाशी पालथी पडली! बिचारा घाबरून मागं सरकला, दोन्ही हात वर केले आणि म्हणाला,

"उठा, उठा! मी मुलीकडचा हाय!"

*

एकदा जोड्यांचा राउंड ठेवला. समोरासमोर प्लँक धरायचा, म्हणजे हात-पाय टेकून अंग फळीसारखं ताठ, आणि जोडीदाराच्या हाताला टाळी द्यायची. बायका बायकांत, पुरुष पुरुषांत, जोड्या पटापट लागल्या. उरले दोघं. आप्पा आणि रेखा. सासरा आणि सून! आमच्याकडे सून सासऱ्यासमोर डोक्यावरची ओढणी सरकू देत नाही, टाळी कुठली देते?

"जोडी बदलू का?" मी विचारलं.

"गरज न्हाई," आप्पा म्हणाले.

त्यांनी आपल्या पुढ्यातल्या फरशीवर थाप मारली. तिनं आपल्या पुढ्यातल्या. मध्ये हातभर अंतर. थाप, थाप, डावा, उजवा. शेवटपर्यंत टिकली ती हीच जोडी. बाकीचे एकमेकांचे हात शोधण्यातच पडले!

*

मग एका सोमवारी आप्पा आले नाहीत. रेखाही नाही. मंगळवारीही तेच. मी घरी गेलो. आप्पा खाटेवर, तेल चोळत.

आप्पांच्या बायकोनं, काकूंनी, दारातच सुनावलं, "तुझ्या उड्यांनी माणूस जिना चढंना झालाय."

"आप्पा, गुडघा दुखतोय, का लोक बोलायलेत?"

"गुडघा."

"कोणता?"

आप्पांनी उजवा दाखवला. तेल डाव्याला लावलेलं!

आतून रेखाच्या भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला. मी म्हणालो, "उद्या उड्या मारू नका. पण या."

बुधवारी दोघंही आले. लोक काय बोलत होते ते नंतर कळलं. 'सून पँट घालून पळती, अन् सासरा तिच्यामागं नाचतो.'

*

रेखाचं ग्राउंड तोंडावर आलं होतं. हॉलच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ती पळत होती. हात लावायचा, वळायचं, पुन्हा. आप्पा कडेला प्लँकमध्ये.

अचानक दार ढकलून आप्पांचे थोरले भाऊ आत आले. शिरूर अनंतपाळहून, न सांगता. धोतर, काठी, पायात चपला तशाच. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात. दादा समोर असले की आप्पा खुर्चीवर बसत नाहीत, दादांनी विचारल्याशिवाय बोलत नाहीत. साठी उलटली तरी!

दादा हॉलच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"बंद करा हे. घरची सून बाप्या माणसांत पळायली, अन् तू खाली पडून बघायलास?"

मी स्पीकर बंद केला. सगळे थांबले. रेखाही थांबली. तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि पाया पडायला खाली वाकली. दादांनी पाय मागं घेतले.

आप्पा उठले नाहीत. टोपीतून घाम गळत होता. तिथूनच, मान तेवढी वर करून म्हणाले,

"दादा, जरा बाजूला व्हा. तिची पळायची लाइन हाय ती."

मग दादांनी काठी उचलली आणि भिंतीकडं सरकले.