निळी बनियान आणि टीव्हीचा पांढरा

आमच्या बाबाले स्टील प्लांटातून रिटायर होऊन वर्षं झाली, पण एक टेंभा काही विझला नाही. भट्टीचा दरवाजा उघडला, डोळ्यापुढं निळी काच धरली, की वितळलेल्या स्टीलचं टेंपरेचर नुसत्या रंगावरून सांगत. बाजूले मीटर होता, पण त्याच्याकडे आपण ढुंकूनबी पाहत नव्हतो म्हणे. तेव्हापासून घरात रंगाबद्दल दुसऱ्या कोणी तोंड उघडायची सोय नाही. वरणाच्या रंगावरबी हेच निकाल देत.

अशा माणसाच्या घरात मी मोठा टीव्ही आणला. माझंच डोकं फिरलं होतं. रायपूरची माझी मैत्रीण लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, तिच्याकडून पडद्याचा रंग मोजायचा मीटर मागून आणला. पडद्यावर लटकवून पांढरा रंग नीट पांढरा केला, ब्राइटनेस खोलीच्या उजेडाले शोभेल इतका उतरवला, अन् मोजायचा टेप लावून बाबाची खुर्ची सहा फुटांवर मांडली.

"हे काय पिवळं करून ठेवलं?" बाबा म्हणाले. "टीव्हीले कावीळ झाली काय?"

मी आंघोळीले गेली की रिमोट ह्यांच्या हातात. रंग 'कूल', ब्राइटनेस फुल, अन् खुर्ची पार टीव्हीच्या तोंडात. बातम्यावाली बाई थंडीनं काकडून निळी पडल्यासारखी दिसे. मी बाहेर येऊन सगळं परत जागेवर आणत होती.

"बाबा, मीटर खोटं बोलते काय?"

"तुह्या मीटरनं भट्टी पाहिली काय कधी? मले नको शिकवू."

शेवटी माझं टाळकं सटकलं. नव्या बंडलातून कोरा कागद काढला अन् त्यांच्यापुढं धरला. "हा कसा आहे, सांगा."

"जुना आहे. पिवळा पडला."

आई लाटणं घेऊनच बाहेर आली. "म्हणून हे रोज बनियान पिवळी म्हणून राहिले! नीळ टाकू टाकू माझे हात निळे झाले!"

अंगणातल्या दोरीवर बाबाच्या बनियानी वाळत होत्या, आभाळाहून निळ्या. मी पोट धरून हसली, अन् मंग ध्यानात आलं, खोट डोळ्यातच आहे. डॉक्टरकडे चला म्हटलं तर बाबा भडकलेच. "माझ्या डोळ्याले काही झालं नाही!" आईनं त्यांच्या चपला पुढं आणून ठेवल्या. दुर्गच्या डॉक्टरनं दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू सांगितला; त्यानंच सगळं पिवळं दिसते म्हणे.

दोन्ही ऑपरेशनं झाली, पट्टी निघाली, अन् बाबांनी घरी येऊन टीव्ही लावला. सेटिंग त्यांचंच.

"हा इतका निळा कोणं केला?" मंग आपल्याच छातीकडे पाहिलं. "अन् ही बनियान?"

आई पदर तोंडाले लावून हसत सुटली. "मंग भट्टीवर रंग पाहून काय सांगत होते जी?"

मले वाटलं, आता घर डोक्यावर घेतात. बाबा रिमोटवर अंगठा फिरवत बसले.

"नोकरीच्या शेवटी शेवटी मी आधी मीटर पाहून घेत होतो," ते म्हणाले. "मंग काच धरत होतो."

आईचं हसू थांबलं.

बाबांनी रिमोट माझ्याकडे सरकवला. "लाव तुह्या मीटरनं. अन् खुर्ची कुठं ठेवू, ते बी सांग."