नंदीला न लागलेलं पाणी

अंबाजोगाईच्या वाटेवरच्या एका गावात मन्मथप्पांचं किराणा दुकान. एसटीडीचा फोन आणि शाम्पूच्या पुड्यांच्या माळा गावात आल्या, त्या पहिल्यांदा त्यांच्याच दारात. पण अप्पांची ऐट दुकानाची नव्हती, मानाची होती. पावसाळ्यात नदीला पूर येऊन घाटावरच्या नंदीच्या पायाला पाणी लागलं, की त्यांच्या घराण्यानं नारळ फोडायचा आणि मगच गावानं नदीची ओटी भरायची. आधी अप्पा, मग गाव! बाकी वर्षभर गाव त्यांना मोजत नसे, ते सोडा.

आणि नेमका तोच पूर यायचा थांबला.

वरच्या बालाघाटच्या डोंगरावर गावानं कुऱ्हाड आणि शेळी दोन्ही बंद केल्या होत्या. बघता बघता बोडका डोंगर झाडीनं भरला. पाऊस तेवढाच पडायचा, नदी फुगायची, पण नंदीच्या हातभर खालीच थबकायची. अप्पा बिचारे इस्त्रीचं धोतर नेसून, नारळ काखोटीला मारून घाटावर उभे! भिजायचे, शिंकायचे, परत यायचे. नारळाची घरी चटणी व्हायची. लोक तरी काय कमी? दुकानात आले की आधी विचारणार, "अप्पा, औंदा खोबरं लई झालं असंल?"

"ही झाडंच पितात माझा पूर!" अप्पा कडाडायचे.

"न्हाई वो," सरपंच विठ्ठलराव समजावायचे. "आदी बोडक्या डोंगरावरनं सगळं पाणी एका दुपारी पळत यायचं. आता पाला त्येला अडवतोय, जमीन मुरवून घेतीय, आन मग सावकाश सोडतीय."

"सावकाश सोडलेल्या पाण्यानं नंदीचे पाय भिजतात का?"

यावर सरपंच कपाळाला हात लावायचे! डोंगर शेळ्यांना खुला करावा, हा विषय अप्पांनी वैशाखातल्या सभेत घ्यायला लावलाच. शेळीवाले खूश. विषय मंजूर होणार, हे ठरल्यातच जमा होतं.

सभेच्या दिवशी अप्पा जेवायला घरी आले, तर चूल थंड. त्यांची बायको गंगासागर नदीवर गेलेली. अप्पा तणतणत घाटावर पोचले. खाली बायकांचं धुणं चाललं होतं आणि त्यांच्या मधोमध, गुडघाभर पाण्यात उभी राहून गंगासागर हसत होती. पदर तोंडाला लावून नव्हे, चांगली खदाखदा.

अप्पा जागच्या जागी थांबले. वैशाखात ही हसते? पूर यायचा त्या वर्षांत वैशाखात ही पहाटेच बाहेर पडायची. कोरड्या पात्रातली वाळू उकरून पाण्याचा झिरा काढायचा, वाटीवाटीनं घागर भरायची. घरी आली की बोलायलाही तिच्यात जीव नसायचा. आणि अप्पा त्याच पाण्यानं खुशाल चुळा भरायचे.

"अवो, कावून उभे ऱ्हायलात? या की, लई गार हाय!"

अप्पांनी वहाणा काढल्या आणि ते पाण्यात उतरले.

सभेला ते ओल्या धोतरानंच आले. "माझा विषय मागं घेतो," एवढंच म्हणाले. शेळीवाले उसळले. विठ्ठलरावांनी हसत विचारलं, "आन तुमच्या मानाचं काय, अप्पा?"

"नंदीचे पाय भिजत व्हते तवा माजी बायको वाळू उकरीत व्हती," अप्पा म्हणाले. "मला त्या मानाची लाज वाटायलीय."

इतकी वर्षं त्यांची टिंगल करणाऱ्या त्या सभेनं सरकून त्यांना पुढं बसायला जागा करून दिली.